बिनरंगाचा नवरदेव

काळ्या कापडाखालून फोटोवाल्या चाचांचा आवाज आला, की कॅमेराच बोलतोय असं वाटे. “हिलनेका नई! श्वास मागनं घ्या!” मग त्या कापडातून आधी मेंदीनं लाल झालेली दाढी उगवे आणि तिच्यामागून हसू. निजामाच्या अमदानीतलं धाराशिव ते. स्टुडिओच्या काचेच्या छपरातून मार्गशीर्षाचं कोवळं ऊन झिरपे आणि त्या उन्हात चाचा कापसाच्या बोळ्यानं काळ्या-पांढऱ्या फोटोंना रंग चढवत बसत. हात इतका हलका, जणू झोपलेल्या लेकराच्या गालावरची माशी उडवावी.

स्टुडिओत खुंटीला एकच कोट, राखाडी. जिल्ह्यातला प्रत्येक लग्नाचा मुलगा तोच चढवून बसे आणि चाचा ज्याला हवा तो रंग देत. बेंबळी गावच्या मुलाचा कोट जांभळा, तर अणदूरच्याचा मोरपंखी!

माझ्यासाठी अणदूरहून आलेल्या स्थळाचा फोटोही चाचांच्याच हातचा. मोरपंखी कोट, डाळिंबी गाल, ओठ तर नुकताच विडा खाल्ल्यासारखे. आत्या हरखली. “राजबिंडा हाय गं!” मला मात्र धडकी भरली. घरचे होकार कळवायच्या बेतात होते, आणि ज्याच्याबरोबर सारा जन्म काढायचा तो मला तोंडाला रंग फासलेल्या नाटकातल्या राजपुत्रासारखा दिसत होता.

अणदूरला धाडायला माझाही फोटो हवा म्हणून आत्या मला स्टुडिओत घेऊन गेली, तेव्हा मी धीर केला.

“चाचा, त्या अणदूरच्या फोटोतला रंगाखालचा माणूस दाखवा ना.”

“तोबा! माझ्या रंगात काय खोट हाय, बेटी?”

“रंगात न्हाय हो. मला गाल बघायचेत.”

सुगरणीकडं अळणी आमटी मागावी, तसा चाचांचा चेहरा पडला. त्यांनी एकदा आत्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग मुकाट्यानं आतून बिनरंगाची प्रत आणली. सावळा वर्ण, गालांवर देवीचे व्रण, दोन्हीकडं सुटलेले कान. आणि ओठांच्या कडेला कसंबसं दाबलेलं हसू. चाचांची ती ‘हिलनेका नई!’ ऐकून यालाही हसू फुटलं असणार!

“अगं, कान तरी बघ!” आत्या कळवळली.

“बघितले. हा चालंल मला.”

चाचा असे हसले की दाढी हलायची थांबेना. “मग तुझा बी बिनरंगाचा धाडू?”

“धाडा.”

“झालं! आता कोण करतंय हिला!” आत्यानं कपाळाला हात लावला. पण अणदूरचा होकार पुरणपोळी शिळी व्हायच्या आत आला.

चाचा जाऊन वर्षं लोटली. आठवणीतल्या माणसाच्या गालांवर काळ न सांगता गुलाबी रंग चढवत राहतो. म्हणून त्यांना आठवताना मी हट्टानं तो पडलेला चेहरा, ती रुसलेली नजर आधी आठवते. तरी थोडा रंग चढतोच, आणि मी तो चढू देते.