स्वयंपाकघरातली मतं

मार्चमधला पहिला मंगळवार, म्हणजे अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या त्या खेड्यात गावसभेचा दिवस. व्हिएतनामचं युद्ध थांबवा, आमची मुलं परत आणा, असा ठराव थेयरबाईंनी मांडला होता. त्यांच्या वर्गात शिकलेली चार मुलं अजून तिकडे होती. पाचवा, लॉइड, शवपेटीतून परतला होता.

पहिल्या रांगेत खासदार रॅडक्लिफ ऐसपैस बसले होते. "हे गाव युद्धाच्या पाठीशी आहे," असं त्यांनी कालच रेडिओवर सांगून टाकलं होतं.

सभाध्यक्ष ऑरिन घाईत होता. "जेवणाआधी उरकून टाकू. ठरावाच्या बाजूने कोण?"

थोडी पुटपुट झाली.

"विरुद्ध?"

"आम्ही!" खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

"ठराव फेटाळला."

थेयरबाई उठल्या. "थांब, ऑरिन. जो जास्त ओरडतो तो जास्त, असा हिशेब मी तुला कधी शिकवला? चिठ्ठ्यांवर मत घे."

सभेत हशा पिकला. ऑरिनचे कान लाल झाले. "त्यासाठी सात जणांनी उभं राहावं लागतं, बाई. नियमच आहे."

बाईंनी मागे वळून पाहिलं. शेजाऱ्यांच्या नजरा चुकवत एकेक जण उठला. बाई धरून सहा झाले. सातवा काही उठेना.

"शाळा सुटली, बाई," रॅडक्लिफ हसले. "बसा आता."

"हजेरी राहिलीय," म्हणत बाई तडक मागे गेल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार उघडलं. गावजेवणासाठी बायका सकाळपासून आत राबत होत्या. त्याही मतदारच, पण त्यांना हाक मारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"अगं बायांनो, तुमच्याशिवायच ठराव निकालात काढलाय!"

सर्वांत आधी लॉइडची आई अल्मा बाहेर आली. हातात डाव तसाच. "सातवी मी."

मागोमाग सगळं स्वयंपाकघर लोटलं. त्यात ऑरिनची बायकोही होती. "आधी चिठ्ठ्या मोज," तिने बजावलं, "मग ताट मिळेल."

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. मघाशी पुटपुटणारे आता हाताच्या आडोशाने बिनधास्त लिहू लागले. मोजणी झाली, ऑरिनने आकडे पुन्हा तपासले आणि घसा खाकरला.

"ठराव मोठ्या बहुमताने मंजूर!"

टाळ्यांनी छत दणाणलं. बाकावर चढून ओरडणाऱ्या म्हाताऱ्यांना आज बाई रागावल्या नाहीत. रॅडक्लिफ टोपी शोधू लागले.

"जेवून जा, साहेब," बाई म्हणाल्या. "आणि उद्या रेडिओवर हा आकडा सांगा."

अल्माने रॅडक्लिफांच्या ताटात डावभर गरम बीन्स वाढले आणि समोरच उभी राहिली.

"सांगतो," रॅडक्लिफ म्हणाले.