बसून विचारलं तर

मी एक जुनी तिवई आहे. तिवई म्हणजे तीन पायांचं बुटकं स्टूल. त्यातही माझा एक पाय खिळखिळा. हसू नका मित्रांनो! सुतारकाकांनी घाई केली, त्यात माझा काय दोष? शिवणयंत्रं ज्या खोक्यातून आली, त्याच्याच फळ्या तासून त्यांनी मला ठोकलं. तेव्हा ताईंच्या दप्तरांच्या कारखान्यात ताई धरून पाच माणसं होती आणि खुर्च्या चारच. पाचव्या माणसासाठी मी आले, आणि ते पाचवं माणूस म्हणजे खुद्द मालकीण, आमच्या ताई.

रोज सकाळी ताई मला काखोटीला मारायच्या आणि एकेकाच्या समोर नेऊन टेकवायच्या. बसल्या की मी डुगडुगायचे. "ही बया मला पाडणार एक दिवस!" असं ताई म्हणाल्या की समोरचं माणूस हसायचं, आणि मग खरं बोलणं सुरू व्हायचं. बक्कल लावणाऱ्या मावशींच्या सुनेचं बाळंतपण, कापड बेतणाऱ्या मास्तरांचे गुडघे, सगळं मला ठाऊक. ताई नेहमी म्हणायच्या, "उभ्याने विचारलं की 'बरंय' ऐकू येतं. बसून विचारलं की खरं ऐकू येतं." तेव्हा मला काय मोठेपणा वाटायचा म्हणून सांगू!

मग दप्तरं खपू लागली. पाचाची वीस माणसं झाली, विसाची ऐंशी. मोठं दालन आलं, ताईंना काचेची खोली आली. ताई काही बदलल्या नव्हत्या हो. पण ऐंशी जणांसमोर रोज बसायचं तर दप्तरं कधी शिवायची? आधी त्या आठवड्यातून एकदा बसायच्या, मग महिन्यातून, मग नुसती फेरी मारू लागल्या. मी मास्तरांच्या टेबलाजवळ कोपऱ्यात पडून राहिले. पुढे भिंतीवर भोंगा आला. तो बसवताना वीजवाला माझ्याच डोक्यावर उभा राहिला. कानामागून आला आणि तिखट झाला तो! ताई आता खोलीतूनच बोलायच्या.

जेवणाच्या सुट्टीत मास्तर माझ्यावर बसायचे. एका दुपारी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून एका कानाला लावलं. मग दुसऱ्या कानाला. किल्ली दिली, पुन्हा लावलं. शेवटी माझ्या कडेवर ठेवलं. घड्याळ ठणठणीत चालू होतं, माझ्या फळीला त्याची टिकटिक कळत होती. मास्तरांना मात्र ती ऐकू येत नव्हती. "ताई बसल्या की सांगतो," ते स्वतःशीच पुटपुटले.

ताई बसल्याच नाहीत. फेरीत जाता जाता विचारायच्या, "काय मास्तर, बरंय ना?" ओठ दिसले तर मास्तर "बरंय ताई" म्हणायचे. नाही दिसले तर त्यांची कात्री चालूच राहायची. अशी दोन वर्षं गेली.

एके दिवशी भोंगा बोलला, "मास्तर, निळ्या दप्तराचा पट्टा चार बोटं वाढवा." तीनदा बोलला. मास्तरांनी जुन्याच मापाने दोनशे पट्टे कापले. ताई तणतणत बाहेर आल्या आणि सगळ्यांदेखत त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"तीनदा सांगितलं, मास्तर! जुने झालात म्हणून आता माझं ऐकायचंच नाही का?"

ऐकायचं नाही असं नाही हो ताई, ऐकू येत नाही! मी जिवाच्या आकांताने ओरडले. पण लाकडाचं ओरडणं कोण ऐकणार? मास्तरांनी ओठ वाचले होते. त्यांनी मापाची टेप नीट गुंडाळली, कात्रीवर ठेवली आणि म्हणाले, "चुकलं ताई." दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

आठवड्याने मावशींनी धीर करून सांगितलं, मास्तरांना दोन वर्षं ऐकूच येत नाही. ताई मटकन माझ्यावर बसल्या.

"दोन वर्षं? आणि मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही रोज विचारत होतात ना ताई, बरंय ना म्हणून," मावशी म्हणाल्या. "आम्हीही रोज सांगत होतो, बरंय."

त्याच दुपारी ताईंनी मला काखोटीला मारलं. किती वर्षांनी! मास्तरांच्या घरी नेऊन मला त्यांच्या अगदी समोर टेकवलं. मी डुगडुगले, पण कुणी हसलं नाही. ताई सावकाश, ओठ दिसतील असं बोलल्या, "माझं चुकलं मास्तर. परत चला. कसे आहात, खरं सांगा."

मास्तर त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. आता घड्याळाचं सांगतील, आता सांगतील, म्हणून मी वाट बघत होते.

"बरंय ताई," मास्तर म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

मित्रांनो, मास्तर परत आले नाहीत. ताई आता रोज मला घेऊन तिघाचौघांपुढे बसतात. पण टेबलावरची ती गुंडाळलेली टेप कुणाला उचलू देत नाहीत. उद्या तुमच्यातलं कुणी संघाचा कप्तान होईल, कुणी ऐंशी माणसांचा मालक होईल. तिवई नसली तर जमिनीवर बसा, पण वेळेवर बसा. उशीर झाला की बसून विचारलं तरी 'बरंय'च ऐकू येतं.