माझा गॅस कुणी खाल्ला?

मी एक जुना लोखंडी सिलिंडर आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही अजून बसलेला नाही. माझ्या पोटात स्वयंपाकाचा गॅस नसतो. सोड्याच्या बाटलीत जो फसफसतो, तो कार्बन डायऑक्साइड माझ्या पोटात असतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. खांद्यावर माझं रिकामं वजन ठोकलं गेलं, मग फुटतो की काय हे बघायला माझ्यात पाणी भरून दाब दिला. जन्मल्या दिवशीच ज्याची अशी परीक्षा घेतात, त्याचा स्वभाव संशयी होणार नाही तर काय होणार?

पुढची बरीच वर्षं मी गोंदियाला, स्टेशनजवळच्या एका सोड्याच्या दुकानात काढली. तिथे गॅस संपला की मालक नोकराकडे बघायचा आणि नोकर मालकाकडे. मी मधे उभा राहून दोघांकडे बघायचो. पुढे सोड्याचा धंदा बसला आणि मी सेवकरामच्या दुकानात मागच्या भिंतीला जाऊन पडलो. सेवकराम आग विझवायची नळकांडी भरून देतो, माझ्यासारखे सिलिंडरही भरतो. त्याच्याकडे मी चार वर्षं धूळ खाल्ली. कुणी विचारलं नाही. मला वाटायचं, हा मला भंगारात विकायला भाव वाढायची वाट बघतोय.

तसं काही नव्हतं. एक दिवस त्याने मला धुतलं, नव्याने परीक्षा करून आणली, काळा रंग दिला आणि रेग्युलेटर स्वतःच्या हाताने घट्ट बसवला. मग ऑटोत घालून धर्मेंद्रच्या घरी घेऊन गेला. धर्मेंद्र हा त्याचा बालमित्र. दोघे एका गावचे, एका बाकावरचे. धर्मेंद्र गोंदियात धानाची दलाली करतो. त्याच्या मुलीने, पुष्पांजलीने, समोरच्या खोलीत काचेची मोठी टाकी मांडली होती. तिच्यात मासे थोडे आणि वनस्पतीच जास्त. पाण्याखालच्या त्या हिरवळीला वाढायला माझा गॅस लागतो, थेंबाथेंबाने, म्हणजे एका सेकंदाला एक बुडबुडा.

धर्मेंद्रच्या आईने, चंद्रकांताबाईंनी, माझ्या पोटावर हळदकुंकू लावलं आणि मी कामाला लागलो. तीन महिने पुरलो. दुपारी टाकीवरचा दिवा लागला की पानांवर बुडबुड्यांचे बारीक बारीक मोती धरायचे. रविवारी सेवकराम चहाला यायचा आणि टाकीसमोर बसून म्हणायचा, "पोरी, तू तं पान्यात बांधी लावली." बांधी म्हणजे धानाचं शेत. धर्मेंद्रचे वडील, उमरावजी, त्यावर हसायचे. ही माणसं मूळची तलाव बांधणाऱ्या घराण्यातली. पाण्याची राखण त्यांच्या अंगातच आहे.

मग मी संपलो. धर्मेंद्रने मला स्कूटरवर नेलं, भरून आणलं आणि ओसरीत उभं केलं. रेग्युलेटर घरीच काढून ठेवला होता, म्हणून या खेपेला माझं तोंड उघडं होतं; गॅस आतल्या खटक्याने अडवून धरला होता. चंद्रकांताबाई ताट घेऊन आल्या. त्या घरात भरलेली वस्तू आली की तिच्या तोंडाला टिळा लावतात, मग ते धानाचं पहिलं पोतं असो की नवा माठ. त्यांनी माझ्या तोंडाला ओलं कुंकू लावलं, वर अक्षता लावल्या, हात जोडले. नंतर पुष्पांजलीने मला आत नेऊन रेग्युलेटर पिळला.

या खेपेला मी वीसच दिवस टिकलो.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिनेच केला. माझ्या पोटात गॅस पाण्यासारखा पातळ, म्हणजे द्रव होऊन बसलेला असतो. तो पातळ आहे तोवर मीटरची सुई एका जागी ठाम उभी राहते, पोट भरलेलं असो की अर्धं. शेवटचा थेंब उडाला की ती धाडकन खाली येते. सोमवारी जिथे होती तिथे, बुधवारी शून्यावर. बघणाऱ्याला वाटतं, मधल्या एका दिवसात कुणीतरी हात मारला.

पहिला संशय मलाच आला. मला मासे संशयास्पद वाटत होते. दिवसभर तोंडाची उघडझाप करणारा प्राणी काहीच खात नाही, हे मी कसं मानू? पुष्पांजलीवरही माझा संशय होता. पण तिने बुडबुडे मोजून लिहिले होते आणि ते वाढलेले नव्हते. उलट गॅस असाच उडत राहिला तर टाकी मोडावी लागेल, म्हणून ती रडवेली झाली होती.

धर्मेंद्रचा संशय मात्र सरळ सेवकरामवर गेला. धानाच्या बाजारात वजनकाटा किती तऱ्हांनी खोटं बोलतो हे त्याला ठाऊक. तो म्हणाला, "पहिल्यांदा बराबर भरून देल्लन, गिऱ्हाईक पकडाले. आता आधा भरून राहिला."

"सेवककाका असं कायले करतील, बाबा?" पुष्पांजली म्हणाली.

"दोस्ती वेगळी, धंदा वेगळा."

तिसऱ्यांदा भरताना धर्मेंद्र काट्यासमोरच उभा राहिला. सेवकरामने माझं रिकामं वजन दाखवलं, भरलेलं दाखवलं. घरी आल्यावर पुन्हा ताट, पुन्हा तोंडाला टिळा. अठरा दिवसांत मी पुन्हा रिकामा.

चौथ्या खेपेला धर्मेंद्रने घरून तांदळाची थैली नेली. आपल्या काट्यावर तोललेली, शिवलेली, बरोबर दहा किलो. सेवकरामच्या दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं होती. धर्मेंद्रने ती थैली थेट त्याच्या काट्यावर ठेवली. त्या दुकानात सगळ्यांना कळलं की हा काटा तपासतोय.

काट्याने दहा दाखवले.

सेवकरामने आकड्याकडे पाहिलंच नाही. तो धर्मेंद्रकडे बघत होता. "झालं समाधान?" त्याने विचारलं. मग मला भरलं, वजन दाखवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. धर्मेंद्र इतका ओशाळला की थैली तिथेच विसरून आला. पण घरी आल्यावर तोच म्हणाला, "तरी गॅस जाऊन कुठं राहिला? काट्यात नाई तं दुसऱ्या कशात तरी हातचलाखी असन." त्या रविवारी सेवकराम चहाला आला नाही. पुढच्या रविवारीही नाही.

मित्रांनो, आता मला एक कबुली द्यायची आहे. दुसऱ्या खेपेपासून माझ्या मानेपाशी गुदगुल्या होत होत्या. अगदी बारीक, झुळूक लागावी तशा. मला वाटलं, म्हातारपण आलं, माझा खटका झिजला. आणि हे कुणाला कळलं तर मला थेट भंगारात टाकतील. म्हणून मी माशांवर संशय घेतला, पोरीवर घेतला, आणि सेवकरामवर आळ येत होता तेव्हा मनात म्हटलं, येऊ दे. ज्याने मला धुळीतून उचललं त्याच्या नावाला बट्टा लागत होता आणि मी गप्प होतो. मला स्वतःची लाज वाटते.

शेवटी उमरावजी उठले. पुष्पांजली वनस्पती काढून बादलीत टाकायला निघाली होती, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं.

"तलावातलं पानी कमी झालं तं आमी काय करत होतो, मालूम आहे? कोनी नेलं ते नाई पुसत होतो. अगुदर आपल्या पाळीवरून, म्हंजे तलावाच्या बांधावरून, पायी चालत होतो. कुठं माती ओली आहे, कुठं खेकड्यानं बीळ केलं, ते पाहात होतो." त्यांनी आपला दाढीचा ब्रश मागवला, वाटीत साबणाचा फेस केला आणि नळीच्या टोकापासून लावत लावत माझ्याकडे येऊ लागले. नळीवर काही नाही. मीटरवर काही नाही. मानेवर, जिथे रेग्युलेटर पिळतात तिथे, फेस फुगला. एक बुडबुडा, त्याच्यामागे दुसरा, तिसरा. माझं लोखंड गार पडलं.

पुष्पांजलीने खटका बंद करून रेग्युलेटर खोलला. आतल्या वायसरवर, म्हणजे सांधा घट्ट धरणाऱ्या त्या चकतीवर, कुंकवाचा सुकलेला थर होता आणि त्यात दाबून चपटी झालेली एक तांदळाची कणी. तेवढ्याच फटीतून माझा गॅस दिवसरात्र जात होता. खटका शाबूत होता. सेवकरामचा काटाही शाबूत होता.

चंद्रकांताबाईंनी ती कणी नखाने उचलून तळहातावर घेतली. "मी तं बरकत यावी म्हणून लावत होतो बाप्पा," त्या हळूच म्हणाल्या. त्यांना कुणी रागावलं नाही. धर्मेंद्र तर मान वर करायलाच तयार नव्हता.

वायसर बदलला. उरलेला गॅस संपल्यावर धर्मेंद्र मला घेऊन दुकानात गेला. त्याने कणीची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाला, "चुकलं माझं, सेवक."

"जाऊ दे," सेवकराम म्हणाला. मग तो मागे गेला आणि तीच तांदळाची थैली घेऊन आला. ती त्याने काट्यावर ठेवली.

"राहू दे ना आता," धर्मेंद्र म्हणाला.

"नाई. अगुदर हे पाहून घे."

दहा किलो. धर्मेंद्रने पाहिलं. मग थैली उतरली आणि मी चढलो.

आता मी पुन्हा तीन महिने पुरतो. टाकीत पानांवर मोती धरतात. टिळा पोटावर लागतो आणि रेग्युलेटर पिळला की पुष्पांजली प्रत्येक वेळी फेस लावून बघते. म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर तोंड पुसून जोडा, फेस लावून बघा, आणि दुसऱ्याच्या काट्यावर थैली ठेवण्याआधी स्वतःच्या पाळीवरून एकदा चालून या. हे मी, जन्माचा संशयी, तुम्हाला हात जोडून सांगतो. हात नाहीत, तरी सांगतो.

रविवारी पुष्पांजली अजूनही एक कप जास्त मांडते. सेवकराम आलेला नाही. आम्ही गॅस भरायला गेलो की तो आधी थैली काट्यावर ठेवतो, धर्मेंद्रला आकडा दाखवतो आणि मगच मला उचलतो.