देरामानच्या नावावरचं पाणी

आमच्या पाउह तिगा गावात नळाला जे येतं त्याला कंपनी पाणी म्हणते. रंग मासळीच्या बुडू चटणीचा, वास जुन्या खिळ्यांच्या डब्याचा. माझी मांजर ते वर्षभर प्यायली आणि एक दिवस फाटकाजवळून जाताना लोखंडाला चिकटली. मागचे पाय धरून ओढून काढली. माझ्या बोलण्यातलं निम्मं लोक सोडून देतात, त्याला माझी हरकत नाही. आता सांगतो त्यातलं मात्र काही सोडू नका. सांगताना अजून माझं डोकं तापतं.

शेजारच्या देरामाननं अकरा वर्षं पाण्याचं बिल भरलं नव्हतं. ऐपत नव्हती म्हणून नव्हे. "बादलीत पाय घातला आणि पायाची बोटं दिसली, की त्याच दिवशी सगळे पैसे देतो," असं तो बिल आणणाऱ्याला सांगायचा. बोटं काही दिसली नाहीत. रमजान संपता संपता देरामान गेला.

मयताला न्हाऊ घालायचं म्हणून नळ सोडला. मशिदीच्या तोक इमामांनी ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं आणि फेकून दिलं. "बंद करा तो नळ. यानं माणूस पाक होत नाही." मग दुकानातून बाटल्यांचे सहा खोके आणले. जन्मात कधी विकतचं पाणी न प्यायलेला माणूस शेवटी त्या पाण्यानं न्हाला. त्याची बायको काक नाब, काक म्हणजे ताई, बाटल्या उघडून देत होती. रडत नव्हती. एकेक झाकण अशी पिळत होती की कुणाची तरी मान असावी.

दफनाआधी रीतीप्रमाणे घरच्यांच्या वतीनं मी उभा राहिलो. "देरामानकडे कुणाचं काही येणं असेल तर आत्ता सांगा. सोडायचं असेल तर आत्ता सोडा." मासळीवाल्यानं उधारी सोडली. एकानं उसना दिलेला कोयता सोडला. पाणी कंपनीकडून कुणी आलंच नव्हतं.

ते आले चाळिसाव्या दिवशी. लोक जेवायला बसलेले असताना एक माणूस फाटकाला नोटीस अडकवून गेला. थकबाकी दोन हजार चारशे रिंगिट. वारसानं कबुलीवर सही करावी, नाहीतर जोडणी तुटेल. खाली ठळक अक्षरांत: 'मृताचं कर्ज फिटत नाही तोवर त्याचा आत्मा अधांतरी राहतो.'

अकरा वर्षं यांना पाणी गाळता आलं नाही, धर्म मात्र बरोबर गाळून पाठवला.

काक नाबनं माझ्याकडून नोटीस वाचून घेतली आणि तशीच तोक इमामांसमोर जाऊन बसली. मी मागे उभा.

"तोक, हे खरं आहे का? तो लटकलाय?"

"कर्ज असेल तर ते फेडावं लागतं, नाब. नाहीतर ज्याचं आहे त्यानं तोंडानं माफ करावं लागतं."

"माझ्या हातात दोन बांगड्या आहेत. त्याच्यासाठी आज विकीन. पण चिखलाचे पैसे दिले तर तोच थडग्यातून उठून माझ्या थोबाडीत मारील. मला सांगा तोक, बाजारातून मासा आणला, घरी केळीचं पान उघडलं आणि मासा सडका निघाला. पैसे द्यायचे का?"

"नाही. खोट लपवून विकलेला माल परत करता येतो."

"झालं तर." ती उठली. "सु, तुझा ट्रक चालतो का रे?"

गावात मला सगळे पोक सु, म्हणजे सुकाका, म्हणतात, ती नुसतं सु. ट्रक चालत नव्हता, पण त्या बाईचा चेहरा पाहून तोही चालू झाला.

चार दिवस आख्खं गाव नळाखाली पिंपं भरत होतं. चाळीस पिंपं माझ्या ट्रकवर चढली. शहराच्या चौकात हवालदारानं शिट्टी वाजवायला तोंडाकडे नेली, तर ती त्याच्या हातातून सुटून पहिल्या पिंपाला जाऊन चिकटली. अजून तिथेच आहे.

कंपनीच्या ऑफिसात थंडगार हवा, खुर्च्या, आणि मधोमध छातीएवढी उंच काचेची टाकी. तिच्यात सोनेरी मासे. पाणी असं की टाकी रिकामी वाटावी. काक नाबनं रांगेचा नंबर घेतला आणि नळाच्या पाण्यानं भरलेली बादली मांडीवर ठेवून बसली. आमचे लोक पिंपं आत आणू लागले. पहारेकरी आडवा यायचा, पण तो शेजारच्या गावचा. त्यानं एका पिंपाला स्वतःच हात लावला.

नंबर आला. काउंटरमागे कारकून एन्चिक हाझरी, पांढराशुभ्र शर्ट.

"काय काम होतं, माक चिक?" मावशी म्हणावं तसं तो म्हणाला.

"माल परत करायचाय. अकरा वर्षांचा. हा पहिला हप्ता."

"कसला माल?"

"तुमचा. सडका आहे. घ्या आणि माझ्या नवऱ्याला सोडा. तोंडानं म्हणा, माफ केलं."

"माफ करायचा अधिकार मला नाही, माक चिक."

"आणि तो लटकलाय असं लिहायचा होता?"

"ते मुख्य ऑफिसातून छापून येतं. हे पहा, मी समजू शकतो—"

"समजू नकोस. तुमच्या समजण्यानं माझं पोट भरलंय."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत. तुम्ही अर्ज करा, महिनाभरात उत्तर येईल."

"बरं," म्हणून ती वळली. मला वाटलं, दमली. ती गेली सरळ माशांच्या टाकीपाशी. तिनं माशांकडे बोट दाखवलं.

"यांच्या नावावर किती थकलंय रे?"

 तिनं बादली खांद्यापर्यंत उचलली आणि टाकीच्या काठावर टेकवली. हाझरी काउंटरवरून अक्षरशः उडी मारून आला.

"माक चिक, नको. मासे मरतील."

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. त्या हॉलमध्ये सत्तर-ऐंशी माणसं होती. सगळ्यांनी ते ऐकलं.

"पाणीच आहे," काक नाब हळू म्हणाली. "तुझ्या कंपनीचं. याचंच बिल मागतोस ना मेलेल्या माणसाकडे?"

बादलीतला एक तांबूस थेंब काचेवरून बाहेरच्या बाजूनं खाली येत होता. हाझरी त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं दोन्ही हात बादलीखाली धरले, तिच्या हातांखाली.

"माफ केलं," तो म्हणाला.

"मोठ्यानं. आणि नाव घेऊन."

"देरामान बिन सालेह यांच्याकडचं सगळं माफ केलं. कागदाचं काय करायचं ते मी बघतो. नोकरी गेली तरी बघतो."

तिनं बादली खाली ठेवली. पहारेकऱ्यानं खुर्ची दिली. हाझरी गेला, शिक्का मारलेला कागद आणि एक कोरा फॉर्म घेऊन आला.

"माक चिक, मृताच्या नावावर जोडणी ठेवता येत नाही. आता कुणाच्या नावानं करू?"

"माझ्या."

"मग पुढच्या महिन्यापासून बिल तुम्हाला येईल." तो जरा अडखळला. "भराल ना?"

"नाही," म्हणून तिनं अंगठा उठवला. "पण तू ये मागायला. मी जिवंत आहे, मला वाचता येत नसलं तरी ऐकू येतं. दार उघडंच असतं."

परतीच्या वाटेवर ट्रक हलका झाला होता. पिंपं सगळी हॉलमध्येच.  शेवटी माझ्यानं राहवलं नाही.

"काक, देरामान सुटला खरा. पण आता थकबाकी तुझ्या नावावर चढणार. तुझ्या आत्म्याचं काय?"

"त्याला घाई नाही," ती म्हणाली. "तू समोर बघून चालव."