तिची पिल्लं

हॉस्पिटलमधून लेकीचा फोन आला तेव्हा लेझरकाका प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत लेझरच्या भिंगाखाली माशाच्या मेंदूचे फोटो काढत होते. "बाबा, आई गेली," ती म्हणाली. काकांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग आता तिला कसं वाटतंय?" अख्खी हयात प्रयोगशाळेत घालवलेल्या माणसाचं हे डोकं!

बायको तिथेच मासे सांभाळायची. साधा ताप आला नि आठवड्यात मेंदू सुजला. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिच्याच मेंदूवर उलटल्या, असं डॉक्टर म्हणाले. काकांचं काम नेमकं त्याच पेशींवर होतं. काचेसारख्या पारदर्शक पिल्लाला जंतूंचं विष टोचायचं, जेलीत निजवायचं आणि त्या पेशी मेंदूत काय धुमाकूळ घालतात ते टिपायचं. मग पिल्लू मारायचं.

टाकीतली पिल्लं बायकोने लावलेल्या शेवटच्या नर-मादीच्या जोड्यांची होती. तुलनेसाठी न टोचलेल्यांचे फोटो झाले होते. टोचायची बाकी होती.

पूर्वी कुणी माशाला नाव ठेवलं की काका खेकसायचे, "मासा आहे तो, मेहुणा नव्हे!" आता तेच टाकीपाशी वाकून सांगत, "गॅस बंद करून आलोय बरं का."

"काका, आज टोचायचं ना?" प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी विचारलं.

"आज लेझरचं काही खरं नाही."

"काल जेलीचं खरं नव्हतं."

"दोघांनी मिळून ठरवलंय, मॅडम. मी काय करणार?"

मॅडम हसल्या, त्यामुळे काकांना आणखी काही दिवस मिळाले; असं करत आठवडे गेले. शेवटी एकदा मन घट्ट करून, टोचण्याआधी बघायला म्हणून त्यांनी एक पिल्लू जेलीत निजवून भिंगाखाली ठेवलं. पडद्यावर नुसते काळे पट्टे. पिल्लं खाऊनपिऊन मोठी झाली होती, कातडी रंगली होती. आतलं काही दिसेना.

"मेंदू कुठाय?" मॅडम म्हणाल्या.

"याचा आत असेल. माझ्याबद्दल खात्री नाही."

या वेळी मॅडम हसल्या नाहीत. "तुलनेला त्याच जोड्यांची पिल्लं लागतील. पुन्हा लावू."

"लावून बघितल्या. म्हाताऱ्या झाल्यात. अंडी देत नाहीत."

बायकोच्या डोक्यात काय झालं असेल, ते थोडंफार कळायची काकांकडे हीच एक वाट होती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने, रोज दोन वेळा खाऊ घालून बंद केली होती. त्यांनी पिल्लू अलगद जेलीतून सोडवून टाकीत सोडलं. ते लगेच खायला धावलं.

टाकीत आता धष्टपुष्ट मासे आहेत. विष टोचलेल्या एकाही पिल्लाच्या मेंदूचा फोटो अजून निघालेला नाही.