समजलं का?

लोखंडाला थकवा का येतो, हे सांगताना सूनबाई कधी थकत नसे. ऐकणारे थकत. प्रयोगशाळेत तिचा शब्द चाले; पण विद्यापीठात कायम व्हायचं, तर नव्या प्राध्यापकाला आवारातल्या सराव शाळेत चौथीवर एक पाठ द्यावा लागे. विद्यापीठ ही मुळात शिक्षक घडवणारी शाळा, त्या काळचा हा नियम. पुढे मजले चढले, यंत्रं आली, नियम काढायला मात्र कुणाला फुरसत झाली नाही. सूनबाई पहिल्या पाठात नापास झाली होती. उद्याचा दुसरा, आणि शेवटचा.

"मुख्याध्यापिका म्हणतात, मी सारखं 'समजलं का' विचारते," ती मटार सोलता सोलता धुसफुसली. "यात चूक काय?"

सासूबाई त्याच विद्यापीठात, ते नुसती शिक्षकांची शाळा असताना, शिकवायला शिकलेल्या. "लग्न झाल्यापासून तू मला तुझा तो थकवा समजावतेस," त्या म्हणाल्या. "शेवटी विचारतेस, समजलं का. मी काय म्हणते?"

"समजलं म्हणता."

"अक्षर कळलेलं नाही."

सूनबाईचा हात शेंगेतच राहिला. "मग हो का म्हणता?"

"जेवायला उशीर होतो म्हणून. पोरंही त्यासाठीच म्हणतात."

पेपराआडून नवरा खुसखुसला.

"तुम्हाला तरी कुठे कळलंय?" सूनबाई त्याच्यावर घसरली.

"मी कधी म्हटलं कळलंय म्हणून?"

"पोरांच्या हातात काहीतरी दे," सासूबाई म्हणाल्या, "आणि गप्प राहा. दुसरं जमतंय का बघ."

दुसऱ्या दिवशी तिने प्रत्येकाला तारेचा तुकडा दिला. "मोडा. हातांनी, दातांनी नाही." मुलं तारा इकडे वाकवत, तिकडे वाकवत बसली. मग एकेक तार तुटू लागली. मागे, चौथीच्या मापाच्या बाकात, मुख्याध्यापिका गुडघे दुमडून बसल्या होत्या.

"असं लोखंडही थकतं. सम–" सूनबाईने जीभ चावली.

वर्ग गप्प. ती गप्प. यापेक्षा तासभर बोलणं परवडलं असतं.

"मला नाही समजलं," दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली.

"काय नाही समजलं?"

"तार आत्ता तुटली. पण तुटायचं तिचं ठरलं कधी? पहिल्यांदा वाकवली तेव्हाच, की आत्ता?"

सूनबाईने खडू उचलला, पुन्हा खाली ठेवला. "तेच शोधायला मला इथे पगार देतात. अजून पुरतं सापडलेलं नाही."

"मग आणखी तारा द्या."

"मलाही एक द्या," मागच्या बाकावरून आवाज आला.

घंटा झाली तरी मुख्याध्यापिका तार वाकवत होत्या. ती तुटल्यावरच उठल्या. "कायम झालात, बाई," त्या गुडघे चोळत म्हणाल्या. "उरलेली तार ठेवून जा."

तरी एक तुकडा पर्समधून घरी आलाच. सासूबाईंनी तो वाकवला, उलटा वाकवला, तोडला, टोकावर बोट टेकवलं. गरम लागलं. सूनबाई तोंडाला कुलूप लावून समोर उभी.

"अगं, विचार की."

"नाही विचारत."

"विचार गं. या खेपेला थोडं समजलंय."