मुद्देमालातला पाग

मी एक जुना पाग आहे. पाग म्हणजे नदीत फेकायचं गोल जाळं. महाडजवळ सावित्रीच्या काठी एक बौद्धवाडी आहे. तिथल्या धोंडूने मला एका पावसाळ्यात घरी बसून विणलं. त्याची बायको सुंदराबाई सूत धरायची. विणून झाल्यावर तिने मला ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळलं, म्हणून माझा रंग तांबूस. ते साल एकोणीसशे एकाहत्तर.

मित्रांनो, पंधरा वर्षं मी त्या पाण्यात पडलो. धोंडू मला खांद्यावर घेऊन कंबरेत वळायचा आणि मी परातीसारखा गोल उघडून पाण्यावर पडायचो. शेंगटी, वाम, कोळंबी यायची. शेत त्याला नव्हतंच, नदी हेच त्याचं वावर. नाते गावाकडून बाजाराला येणारे शेतकरी थांबून बघत आणि म्हणत, "पाग टाकावा तर धोंडूनं!"

मग वरच्या अंगाला एक कारखाना उभा राहिला. पहिल्या वर्षी नदीवर नुसता फेस दिसे. दुसऱ्या वर्षी धोंडूच्या पोटऱ्यांवर पुरळ उठलं, माझे धागे कुजू लागले. सुंदराबाई मला पुन्हापुन्हा सांधायची.

सत्त्याऐंशीच्या फाल्गुनात एका सकाळी पाणी विटकरी झालं होतं. मासे पोटं वर करून वाहत होते. धोंडूने मला टाकलं, मेलेल्या माशांसकट ओढून खांद्यावर घेतलं आणि तो तडक पोलीस चौकीत गेला.

"सायेब, कारखान्यानं नदी मारली. लिवून घ्या," तो म्हणाला.

जमादाराने नाकाला रुमाल लावला. "नदी मारली, असं कलम नाही रे. कुणाला विष ओतताना पाहिलंस?"

"पान्याचा रंग बगा की!"

"विष घालून मासे मारणं हा मात्र गुन्हा आहे. आणि मासे तर तुझ्याच पागात आहेत."

तो थट्टा करतोय असं मला वाटलं. पण त्याने खरंच लिहून घेतलं. धोंडू आरोपी झाला आणि मी मुद्देमाल. चिठ्ठी बांधून मला एका अंधाऱ्या खोलीत टाकलं. दोन वर्षं उंदरांनी मला कुरतडलं.

अखेर तालुक्याच्या कोर्टात पुराव्याअभावी धोंडू सुटला. तेव्हा वाडीच्या शाळेतल्या शिक्षिका ललिताबाई मागच्या बाकावरून उठल्या.

"साहेब, मग मासे मारले कुणी?"

न्यायाधीश भले गृहस्थ होते. चष्मा काढून ते म्हणाले, "बाई, माझ्यासमोर आरोपी एकच होता. तो सुटला, खटला संपला."

"परदेशात काही लोक म्हणू लागलेत, अख्खं रान, अख्खी नदी मारणं हा साऱ्या जगाविरुद्धचा गुन्हा धरावा. मी वाचलंय."

"वाचलं मीही आहे. पण निकाल मला आज आहे त्या कायद्याने द्यावा लागतो."

बाहेर पायरीवर सुंदराबाई बसली होती. कोर्टाने परत दिलेल्या मला मांडीवर घेऊन ती ललिताबाईंना म्हणाली, "माझ्या सासऱ्यानं महाडच्या तळ्यावर पान्याला हात लावायचा हक्क मागताना डोस्कं फोडून घेतलं. हक्क मिळाला गो बाय. आता पानीच हातात घेववत नाय."

ललिताबाई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या.

आता मी घरात खुंटीवर असतो. धोंडू त्याच कारखान्याच्या फाटकापाशी पोती उचलतो. दुसरं काम मिळत नाही. संध्याकाळी येतो, जेवतो, माझ्याकडे न बघता निजतो.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या वकील होईल, कुणी कायदे करील. तेव्हा नदी मारणाऱ्याला नदी मारली म्हणूनच धरता येईल, असं कलम लिहा. इथेही लिहा आणि जगाच्या कोर्टातही. माझ्यासाठी नको, मी आता कुजलोय. पण आमच्या वाडीतली पाच-सहा वर्षांची मुलं पाण्यात उतरत नाहीत. नदीकाठी जन्मली, आणि त्यांना पोहता येत नाही.